सोळाव्या वर्षी गोल आटले, तर फॉरवर्डचं काय करायचं?

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा १६ वर्षांचा, घरापासून लांब वसतिगृहात राहून हॉकी खेळतो, जागा फॉरवर्डची. चौदाव्या वर्षी शालेय स्पर्धांमध्ये त्याच्या गोलांची मोजदाद ठेवावी लागत नव्हती, इतके व्हायचे. यंदा अख्ख्या मोसमात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. त्याच्याहून लहान मुलं राज्याच्या संघात गेली. वर प्रशिक्षकांनी त्याला अधूनमधून मधल्या फळीत खेळवायला सुरुवात केलीय. वडील विचारतात: "अभिषेक बाविसाव्या वर्षी भारतीय संघात आला म्हणतात. तोवर थांबायचं की आत्ताच दुसरी अकादमी बघायची? आणि तो एकदम असा चमकला कसा?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच दडलीत. भारतीय हॉकी संघाचा फॉरवर्ड अभिषेक एकदम चमकला नाही. आपल्याला तो एकदम दिसला, एवढंच.

हरियाणातल्या सोनीपतचा हा मुलगा १५ ऑगस्ट १९९९ चा. २०१६ मध्ये लखनौला भारतानं ज्युनियर विश्वचषक जिंकला, तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि त्या संघात नव्हता. पुढचा ज्युनियर विश्वचषक २०२१ मध्ये भुवनेश्वरला झाला. त्या वेळी १ जानेवारी २००० नंतर जन्मलेल्यांनाच खेळता येत होतं, म्हणजे साडेचार महिन्यांनी त्याची संधी हुकली. आपल्याकडे पालकांच्या बोलण्यात जी स्पर्धा 'ती नाही खेळला तर संपलंच' अशी असते, ती ज्युनियर विश्वचषकाची स्पर्धा भारताचा आजचा आघाडीचा फॉरवर्ड एकदाही खेळलेला नाही. ज्युनियर गटातून बाहेर पडल्यावर तो पंजाब नॅशनल बँकेकडून देशांतर्गत हॉकी खेळत राहिला. या सामन्यांना प्रेक्षक थोडे आणि वर्तमानपत्रात बातमी दोन ओळींची.

सिनियर संघातून तो पहिल्यांदा उतरला २०२२ च्या फेब्रुवारीत, प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी दक्षिण आफ्रिकेत. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, अंतिम सामन्यात जपानला ५-१ नं हरवताना एक गोल त्याचा. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य. तिथं बेल्जियमविरुद्ध आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याचा एकेक मैदानी गोल होता. ऑस्ट्रेलियाला आपण ३-२ नं हरवलं, ऑलिंपिकमध्ये १९७२ नंतर पहिल्यांदा, आणि त्या सामन्यातला पहिला गोल अभिषेकचा. मग हॉकी इंडिया लीगच्या लिलावात बंगालच्या संघानं त्याला ७२ लाखांना घेतलं. त्याच्यावर फक्त कर्णधार हरमनप्रीत होता, ७८ लाखांना. अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि २०२४ चा सर्वोत्तम फॉरवर्ड म्हणून हॉकी इंडियाचा पुरस्कारही. त्या पुरस्काराला आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेंचं नाव आहे, हे मला फार योग्य वाटतं. धनराजही भारताकडून पहिल्यांदा खेळले ते १९८९ मध्ये, म्हणजे एकविसाव्या वर्षी, आणि पुढे तब्बल पंधरा वर्षं खेळले.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. चौदाव्या वर्षी पडणारे गोल कुठून येतात, ते आधी नीट समजून घ्या. हॉकीचा गोलपोस्ट ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. तेरा-चौदा वर्षांच्या गोलकीपरलाही तेवढाच गोल राखावा लागतो. पॅड, किकर, हेल्मेट चढवलेलं ते पोरगं कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. ज्याला थोडी उंची आणि थोडा वेग लवकर मिळाला, तो मुलगा बॉल घेऊन सरळ रेषेत पळतो, डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, शिरतो आणि काठी मागं नेऊन सणकून हिट मारतो. गोल! प्रत्येक सामन्यात तेच. त्याला दुसरं काही शिकायची गरजच पडत नाही.

पंधरा-सोळाव्या वर्षी बाकीची मुलं वाढतात. डिफेंडर तितकाच जोरात पळतो, कीपरचे पाय लांब होतात, आणि टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, बॉल इतक्या वेगानं येतो की काठी मागं नेईपर्यंत समोरच्याची काठी बॉलवर आलेली असते. गोल आटतात ते इथं. मुलगा बिघडला म्हणून नव्हे, तर खेळ बदलला आणि त्याला अजून जुनीच चावी माहीत आहे म्हणून. हा टप्पा जवळजवळ प्रत्येक चांगल्या फॉरवर्डच्या वाट्याला येतो. या टप्प्यात दोन-तीन वर्षं काय शिकवलं जातं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. संयम म्हणजे नुसतं थांबणं असं समजून पुष्कळ मुलांची ही वर्षं रिकामी जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिकवायचं काय? एक प्रसंग अगदी जवळून दाखवतो. फॉरवर्ड डीच्या माथ्यावर उभा आहे, गोलकडे पाठ, डिफेंडर पाठीला चिकटलेला. मधल्या फळीतून कडक पुश येतोय. कच्चा खेळाडू बॉलकडे बघत राहतो. बॉल काठीला लागतो, हातभर पुढं उसळतो, मग तो वळायला जातो, तोवर टॅकल. तयार खेळाडू बॉल वाटेत असतानाच दोनदा मान वळवून मागं बघतो: डिफेंडर कुठल्या खांद्याला आहे, कीपर किती पुढं आलाय. मग एक पाऊल बॉलच्या दिशेनं टाकतो, म्हणजे डिफेंडरही ओढला जातो. गुडघे वाकलेले, डावा हात सैल, काठी पुढं कललेली. बॉल तो थांबवतच नाही, ट्रॅप करतानाच डिफेंडर नसलेल्या बाजूला कोनात सरकवतो. पहिल्याच स्पर्शाला तो माणूस मागं पडला. दुसऱ्या स्पर्शाला शॉट, आणि तोही काठी गुडघ्याच्या वर न नेता, स्लॅप (काठी जमिनीलगत फिरवून मारलेला फटका) किंवा रिव्हर्सनं (काठी उलटी करून).

या सगळ्याला मिळतो दीड-दोन सेकंदांचा वेळ. गोल फक्त डीच्या आतूनच मारता येतो, आणि डीची कड गोलपोस्टपासून १४.६३ मीटरवर. तेवढ्याच जागेत चार-पाच डिफेंडर आणि कीपर उभे असतात. तिथं वेग कामाला येतो तो पायांपेक्षा नजरेचा आणि पहिल्या स्पर्शाचा. हा पहिला स्पर्श हजारो वेळा गिरवल्याशिवाय येत नाही, आणि गिरवत असताना त्याचा स्कोअरबोर्डवर काहीही पुरावा दिसत नाही.

दुसरी गोष्ट, बॉल नसतानाचं पळणं. सामना ६० मिनिटांचा, १५-१५ मिनिटांच्या चार भागांत. त्यात एका फॉरवर्डच्या काठीला प्रत्यक्ष बॉल लागलेला वेळ मोजायला बसलात तर मिनिटांत नाही, सेकंदांत मोजावा लागेल. उरलेला सगळा वेळ तो करतो काय? चांगला फॉरवर्ड डिफेंडरला खोट्या दिशेनं ओढून दुसऱ्यासाठी जागा मोकळी करतो. बॉल दुसऱ्या बाजूला असताना लांबच्या पोस्टजवळ काठी टर्फवर सपाट टेकवून हजर राहतो, नुसतं डिफ्लेक्शन मिळावं, म्हणजे काठीला लागून बॉल गोलकडे वळावा, म्हणून. दहा वेळा धावत जातो, नऊ वेळा बॉल येतच नाही. दहाव्या वेळी येतो, आणि लोक म्हणतात, नशीबवान आहे, बरोबर जागेवर होता.

तिसरी गोष्ट आजच्या हॉकीत सगळ्यात महत्त्वाची झालीय आणि पालकांना ती मुळीच दिसत नाही: बॉल गेल्यावर काय करतो. आता फॉरवर्ड हाच पहिला डिफेंडर. अमर्याद बदलींमुळे तो पाच-सहा मिनिटं जीव तोडून पळतो, बाहेर येतो, दम खातो, पुन्हा जातो. त्या पाच-सहा मिनिटांत प्रतिस्पर्धी डिफेंडरला सुखासुखी पास देऊ न देणं हे त्याचं काम. कोणत्या कोनातून दाबायचं, कुठली वाट बंद करून कुठली मुद्दाम उघडी ठेवायची, हे शिकवावं लागतं. क्रेग फुल्टन २०२३ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाल्यापासून त्यांचा भर बचावावर आहे आणि त्या बचावाची सुरुवात पुढच्या फळीपासून होते. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात ग्रेट ब्रिटनविरुद्ध १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सगळा सामना आपण दहा जणांत काढला. १-१ बरोबरी, मग शूटआउटमध्ये ४-२. तो सामना पुन्हा पाहा आणि फक्त आपल्या फॉरवर्डवर नजर ठेवा. गोल नाही, शॉटही फारसे नाहीत, पण ते स्वतःच्या पंचवीस यार्डांत येऊन बॉल हिसकावतायत. मी माझ्या मुलांना हा सामना दाखवतो तेव्हा गोलांचे तुकडे दाखवत नाही, हेच दाखवतो.

याच ऑलिंपिकचा हिशेब बघा. भारतानं एकूण १५ गोल केले, त्यातले १० एकट्या हरमनप्रीतचे, पेनल्टी कॉर्नर आणि स्ट्रोकवरचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीमुळे मिळालेल्या फटक्यांवरचे. पाच फॉरवर्ड नेले होते: अभिषेक, सुखजीत, ललित, मनदीप आणि गुरजंत. पाचही जणांचे मिळून गोल ४, आणि त्यातले २ अभिषेकचे. नुसत्या गोलांवर माप लावलं तर ही पुढची फळी नापास ठरेल. पण कॉर्नर आपोआप मिळत नसतात. कुणीतरी डीमध्ये बॉल घेऊन शिरतो, डिफेंडरचा पाय बॉलवर आणतो, किंवा काठी काठीवर घ्यायला लावतो, तेव्हा कॉर्नर मिळतो. ते काम फॉरवर्डचं, आणि गोलपत्रकावर त्याचं नाव येत नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. पुढचा सामना बघायला जाल तेव्हा वही न्या आणि गोल लिहू नका. मुलगा बॉल ताब्यात ठेवून डीमध्ये किती वेळा शिरला, ते लिहा. कॉर्नर किती मिळवून दिले, ते लिहा. अंगावर डिफेंडर असताना आलेले पास किती, आणि त्यातले किती त्यानं टिकवले, ते लिहा. बॉल हातचा गेल्यावर पहिल्या चार-पाच पावलांत तो वळून मागं लागला की कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तेही लिहा. पाच-सहा सामन्यांची अशी नोंद झाली की तुम्हालाच कळेल, पोरगा जागच्या जागी आहे की पुढं सरकतोय. हे आकडे वाढत असतील आणि गोल होत नसतील, तर मला त्या मुलाची अजिबात काळजी वाटत नाही. गोल होतायत आणि हे आकडे घटतायत, अशा मुलाची वाटते.

मधल्या फळीत खेळवण्याबद्दल तुम्ही नाराज दिसता. बहुतेक वेळा ही चांगली खूण असते. फॉरवर्डला खेळ पाठमोरा दिसतो, मधल्या फळीत तो चारी बाजूंनी दिसतो. वर्षभर तिथं खेळलेला मुलगा मान वळवून बघायला आपोआप शिकतो, पास कधी आणि कोणत्या काठीला हवा हे देणाऱ्याच्या बाजूनं कळायला लागतं, आणि टॅकलची भीड चेपते. मात्र एक प्रश्न प्रशिक्षकांना शांतपणे जरूर विचारा: "सर, तिथं खेळवून त्याच्यात नेमकं काय आणायचंय?" "त्याला दबावात बॉल घेता येत नाही, ते आणायचंय" असं काही ठोस उत्तर आलं, तर निश्चिंत राहा. "मिडफिल्डला पोरगं कमी होतं" एवढंच उत्तर असेल, तर ती तात्पुरती सोय आहे, आणि ती किती दिवस हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दुसऱ्या मुलांची निवड लवकर झाली याचं दुःख करू नका, असं मी म्हणतो तेव्हा पालकांना ते समजूत काढल्यासारखं वाटतं. म्हणून दिलप्रीत सिंगचं उदाहरण देतो. तो अभिषेकच्याच वयाचा, नोव्हेंबर १९९९ चा, पंजाबचा. २०१८ मध्ये, अठराव्या वर्षीच, तो सिनियर संघात आला आणि त्याच वर्षी भुवनेश्वरचा विश्वचषकही खेळला. तेव्हा अभिषेकचं नाव सोनीपतबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्याच वर्षी दिलप्रीत संघाबाहेर गेला. मेहनत करून परतला, टोकियोचं कांस्य मिळवलं, पॅरिसच्या संघात पुन्हा नव्हता, आणि २०२५ मध्ये राजगीरच्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध दोन गोल करून उभा राहिला. दिलप्रीतबद्दल मला अतिशय आदर आहे, दोनदा पडून दोनदा उठणं सोपं नसतं. सांगायचं इतकंच की एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांपैकी एक चार वर्षं आधी आला, आणि आज दोघं एकाच संघात खेळतात. सोळाव्या वर्षीच्या यादीवरून यातलं काहीही सांगता आलं नसतं.

आपल्या राज्यातही हे दिसतं. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांतून आलेल्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या मुली पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडल्या आणि भारताच्या संघापर्यंत पोचल्या. यांच्या गावात टर्फ नव्हतं. मातीवरून टर्फवर आलेल्या मुलाला पहिलं वर्ष-दीड वर्ष सगळंच परकं वाटतं. बॉल दुप्पट वेगानं येतो, उडी घेत नाही, कमरेतून जास्त वाकावं लागतं. तुमचा मुलगाही मातीवरून आलेला असेल, तर त्याचं टर्फवरचं पहिलं वर्ष हिशेबात धरू नका.

वाकण्यावरून आठवलं, आणि हे कृपया नीट वाचा. तुमच्या प्रश्नात तब्येतीचा उल्लेखच नाही. चौदा ते सोळा या काळात मुलं झपाट्यानं उंच होतात. हाडं आधी वाढतात, स्नायू मागून. त्या काळात कालपर्यंत सहज जमणारा डॉज अचानक जमेनासा होतो, मुलगा बोजड दिसतो आणि त्यालाच स्वतःचा राग येतो. काही महिन्यांनी ते जागेवर येतं. पण गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं आणि कमरेत दुखणं या दोन तक्रारी अंगावर काढू देऊ नका. हॉकीत सतत कमरेतून वाकून पिळा घेतला जातो, आणि वाढत्या वयात मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. दोन आठवड्यांहून जास्त कंबर दुखत असेल तर मलम चोळत बसू नका, खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. निवड चाचणी जवळ आलीय म्हणून मुलं दुखणं लपवतात. वसतिगृहातला मुलगा तर घरीही सांगत नाही. फोनवर "गोल किती झाले?" याच्याऐवजी "कंबर कशी आहे, झोप लागते का, जेवण पुरतं का?" हे विचारा. त्याला दोन्ही गोष्टी कळतील: काय सांगायचं, आणि घरच्यांना कशाची काळजी आहे.

थांबायचं किती? माझं मत स्पष्ट आहे. सोळाव्या वर्षी निर्णय घेऊ नये. एकोणीस-वीसपर्यंत शिकण्याची दिशा चढती आहे ना, एवढंच बघावं. त्यानंतर विद्यापीठ, बँका, रेल्वे, पोलीस, सैन्यदल यांच्या संघांचे दरवाजे असतात, आणि अभिषेकसारखे खेळाडू तिथूनच वर गेलेत. मात्र देशाच्या ऑलिंपिक संघात १६ जण असतात आणि त्यात फॉरवर्ड पाच. तेवढ्या पाच जागांवर सगळ्या घराची आशा टांगून ठेवणं मुलावर अन्याय आहे. बारावी, पदवी नीट होऊ द्या. सकाळी सहाला टर्फवर असणारा मुलगा अभ्यासही करू शकतो, मी अशी पुष्कळ मुलं पाहिलीत.

अकादमी बदलायची का? तीन कारणांसाठी जरूर बदला: मुलाला मारहाण किंवा अपमान होत असेल, दुखापत असताना खेळवत असतील, किंवा वर्षभर फक्त सामने खेळवून पहिला स्पर्श, दबावातला ताबा यांवर कामच होत नसेल. राज्याच्या यादीत नाव नाही, हे कारण पुरेसं नाही. नव्या ठिकाणी नवे प्रशिक्षक त्याला ओळखण्यात सहा महिने घालवतील, आणि आत्ता जे अर्धवट शिकून झालंय ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

या महिन्यात एवढं करा. प्रशिक्षकांना भेटून मधल्या फळीबद्दलचा तो एक प्रश्न विचारा, वहीची नोंद सुरू करा, आणि मुलाला सांगा की रोज सरावानंतर भिंतीवर किंवा मित्राकडून कडक पास घेऊन, आधी खांद्यावरून मागं बघून, बॉल एका स्पर्शात डावीकडे आणि एका स्पर्शात उजवीकडे काढायचा, वीस मिनिटं. चार महिन्यांनी वहीतल्या नोंदी मला कळवा, मग राज्याच्या पुढच्या निवड चाचणीबद्दल बोलू.